हँडलवाले तात्या

आटपाडीच्या आठवडा बाजारात बाकीची माणसं शेरडं-मेंढरं बघत हिंडतात, तेव्हा तात्या भंगारवाल्याच्या काट्यापाशी उभे असतात. ढिगाऱ्यातून एखाद्या फ्लायव्हीलची कड दिसली की त्यांचा चेहरा स्थळ पसंत पडलेल्या वरबापासारखा होतो. पण तसं दाखवायची सोय नसते, भाव चढतो. म्हणून ते आधी फुटक्या बादलीची किंमत विचारतात, मग गंजक्या कोयत्याची, आणि निघता निघता अगदी सहज, "आन् ह्या लोखंडाचं काय धरलंस?"

भंगारवालाही आटपाडीचाच असतो. "इंजिनाचं म्हनताय न्हवं?" तो बादली बाजूला ठेवत विचारतो.

तात्या म्हणजे कुणी एक माणूस नव्हे. खरसुंडी, दिघंची, करगणी, कुठंही जा, गावात एक तात्या असतोच. साठी ओलांडलेली, नखात कायमचं काळं, आणि लग्नाला जातानासुद्धा खिशात दहा-अकराचा पाना. मेलेली ऑइल इंजिनं उठवायची हा त्यांचा छंद. उठवायची, चालवायची नाहीत. म्हणजे चालवायची, पण कशासाठी नाही. हे घरच्यांना समजावताना तात्यांचं अर्धं आयुष्य गेलं.

दोष मुलखाचाही आहे. आटपाडी पूर्वी औंध संस्थानात. त्याच औंधच्या पंतप्रतिनिधींनी कुंडलजवळची माळरानाची जागा लक्ष्मणराव किर्लोस्करांना दिली आणि १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसली. तिकडे साताऱ्यात कूपरांचा कारखाना इंजिनं काढत होता. पुढं राजकोटहून 'लिस्टर'च्या धर्तीची ६५० फेऱ्यांची बोजड इंजिनंही आली. पाऊस मात्र कुठूनच आला नाही. त्यामुळं विहीर तिथं इंजिन आणि इंजिन तिथं हँडल असा सगळा संसार. खटका वर करून हँडल मारायचं, चाकानं वेग धरला की खटका सोडायचा आणि हँडल काढून घ्यायचं. काढायला उशीर झाला तर इंजिन तेच हँडल परत मारायचं. वाकडं जुळलेलं मनगट ही इथल्या एका पिढीची ओळखच होती. मग विजेची मोटर आली, मग विहिरीच आटल्या, आणि शेवटी टेंभू योजनेतून कृष्णेचं पाणी चढत चढत आलं. इंजिनाची गरज संपली. पोटासाठी ज्याला शिव्या घालत हँडल मारलं, त्याच्यावर माया करायला तात्यांना आत्ता कुठं सवड मिळाली.

त्यांच्या पत्र्याच्या शेडमध्ये रोज बैठक असते. एसटीच्या वर्कशॉपातून निवृत्त झालेले एक मेस्त्री, मेंढरं मुलाच्या ताब्यात देऊन आलेला बाबू, आणि गलाईवाले आप्पा. या भागातली माणसं सोनं-चांदी गाळायच्या धंद्यात देशभर पसरली आहेत. आप्पांनीही उभा जन्म तमिळनाडूत सोनं गाळलं. आता ते तात्यांना व्हाइट मेटल गाळून देतात. कनेक्टिंग रॉडच्या मोठ्या टोकाला जुन्या काळी हा धातू ओतून बेअरिंग करत. त्यात मुख्य कथील, जोडीला थोडं अँटिमनी आणि तांबं.

"कथील दोनशे बत्तीसला वितळतं. सोन्याला हजार चौसष्ट लागत्यात," आप्पा तुच्छतेनं सांगतात. "ही काय गलाई हाय? च्या हाय, च्या." पण प्रत्यक्ष ओतायच्या वेळी हाच माणूस कुणाला बोलू देत नाही. रसात कोरडी काडी बुडवून बघतात. ती तपकिरी झाली पाहिजे, पेटता कामा नये. साचा आधी गरम केलेला हवा, आत ओलाव्याचा थेंब नको, नाहीतर रस अंगावर उडतो. आणि धार एकच. मध्ये हात थांबला तर सांधा राहिला म्हणून समजा. नेमक्या त्या क्षणी घरातून काकींचा आवाज येतो, "अवो, जेवायला येतायसा, का त्येच हेड ताटात वाढू?" धार थांबत नाही. उत्तरही जात नाही.

या मंडळींचं दैवत मात्र लांबचं: एका ओळीत आठ सिलिंडरचं इंजिन. इंदूरच्या यशवंतराव होळकरांनी तिशीच्या दशकात अमेरिकेहून ड्यूसेनबर्ग मागवली, तिच्यात असलं इंजिन होतं आणि कंपनी त्याची ताकद ३२० घोड्यांची सांगे, हे तात्यांनी कुठूनतरी मिळवलं. "होळकरांची?" इतके दिवस नुसती तंबाखू मळणारा बाबू ताठ झाला. "मंजी आपलीच की!" तेव्हापासून त्या गाडीचा विषय निघाला की बाबू घरच्या मालकीनं बोलतो.

मेस्त्रींना मात्र पटत नव्हतं. आठ एका ओळीत म्हणजे क्रँक केवढा लांब, तो पिळणार, बॉनेट मैलभर होणार. बरोबरच होतं त्यांचं. चार-चारची जोडी लावलेलं व्ही-आठ आटोपशीर निघालं आणि १९५४ पर्यंत पॅकार्ड-पाँटियॅकवाल्यांनीही ही लांबण सोडली. तात्या ऐकेनात. शेवटी नातवानं फोनवर तसल्या इंजिनाचा व्हिडिओ लावला. तात्यांनी फोन कानाला धरला. आठ सिलिंडरांत दर फेरीला चार ठोके, ते एकमेकांत मिसळलेले, त्यामुळं नुसती सळसळ. बराच वेळ ऐकून त्यांनी फोन परत दिला.

"ठोका कुटं हाय ह्येच्यात?"

दैवत त्या दिवशी थोडं उतरलं. तशात देवराष्ट्र्याच्या दत्तात्रय लोहारांचं गाजलं. त्यांनी भंगारातून किकवर चालू होणारी छोटी जीप केली आणि तिच्या बदल्यात २०२२ च्या जानेवारीत आनंद महिंद्रांकडून बोलेरो मिळवली. काकींनी तेव्हापासून एकच धोशा लावलाय, "तुमच्या धुडाच्या बदली कुनी सायकल तरी देतंय का बगा."

उत्तर म्हणून तात्यांनी शर्यत काढली. खिल्लारांच्या मुलखात शर्यत म्हटली की पळायची. बैलगाड्यांच्या शर्यतींना सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर २०२१ मध्ये परत वाट करून दिली. इंजिनांच्या शर्यतीवर मुळात बंदी घालावी असं कुणाला वाटलेलंच नाही, कारण ही न पळायची शर्यत. गव्हर्नर ढिला करून इंजिन हळू, आणखी हळू करत न्यायचं. मिनिटाला ज्याचे ठोके सगळ्यात कमी आणि तरीही जे बंद पडत नाही, ते पहिलं. ६५० फेऱ्यांच्या इंजिनाचे मिनिटाला ३२५ ठोके पडतात, कारण दोन फेऱ्यांत एकदाच तेल जळतं. दिघंचीचे तात्या शंभरावर आले आणि त्यांचं इंजिन फसकन मेलं. आमचे तात्या पाण्याच्या हौदाला टेकून, डोळे मिटून, एका बोटानं स्प्रिंग सोडत होते. ठोक्या-ठोक्यांत इतकं अंतर पडलं की मध्ये बाबूचं शिंकून झालं.

"थांबलं," दिघंचीकर म्हणाले.

"थांबलं न्हाय. इच्चार करतंय."

इंजिनानं खरोखरच विचार केला. पिस्टन वर जाता जाता अडला, आधीच धक्का बसला, आणि चाक उलटं फिरायला लागलं. धुरांड्यातून हवा आत, एअर फिल्टरमधून काळा धूर बाहेर, थेट पंचांच्या तोंडावर. पण इंजिन चालू! तात्यांनी दोन्ही हात वर केले. मेस्त्री म्हणाले, उलटे ठोके धरता येत नाहीत. आप्पा म्हणाले, धरायचेच, पण वजा करून. तसं केलं तर तात्यांचे ठोके शून्याच्याही खाली जातात आणि तेच जिंकतात, हे दिघंचीकरांच्या ध्यानात यायला जरा वेळ लागला. ते आलं तेव्हा त्यांनी पाना हातात घेतला होता, आणि काकी चहा घेऊन येत होत्या.