खाज बंडूची, औषधं गल्लीची

"अगं शैला, रात्री दोन वाजता तुमचं दार कोण ठोठावत होतं?"

कुंपणापलीकडून कुसुमकाकू. हातात परडी, परडीत जास्वंद, आणि जास्वंद अर्थातच आमच्या बाजूची.

"कोणी नाही हो काकू. बंडू खाजवत होता. दाराला टेकून बसतो, मग पाय दारावर आपटतो."

"मला वाटलं चोर. ह्यांना उठवलं तर म्हणाले, चोर कधी दार वाजवून येतो का? आणि कूस बदलून पुन्हा घोरायला लागले."

गौरी-गणपती होऊन आठवडा झाला होता. तळेगावच्या पावसाने जरा उघडीप दिली होती, त्यामुळे आम्हा दोघींना तुंबलेल्या गप्पा मोकळ्या करायच्या होत्या.

"खोबरेल चोळ की त्याला."

"चोळलं. त्याने सगळं चाटून काढलं आणि दुसऱ्या दिवशी पोट बिघडवून घेतलं. गल्लीत प्रत्येकाकडे औषध आहे बघा. गॅरेजवाला म्हणाला, गाडीचं जळकं ऑइल चोपडा, आमच्या गावाकडे लूतभऱ्या कुत्र्यांना तेच लावतात."

"लावलं नाहीस ना?"

"डॉक्टरांना नुसतं विचारलं, तर ते खुर्चीतून उठलेच. कुत्रं अंग चाटतं, म्हणजे ते सगळं पोटात जाणार. विषच की. रॉकेलची तीच गत. नणंदेने टी ट्री ऑइलची बाटली पाठवली, झाडाचं आहे म्हणून. तेही कुत्र्याला बाधतं. जास्त झालं तर पाय लटपटायला लागतात."

"मग तुझा तो गुरांचा डॉक्टर करतो तरी काय?"

"प्रश्न विचारतात. पहिलाच प्रश्न, कुठे खाजवतो? मी म्हटलं, सगळीकडे. तर म्हणाले, असं नाही चालायचं, घरी जा आणि चार दिवस वहीत लिहून आणा."

"कुत्र्याच्या खाजेची वही!"

"हसू नका, त्या वहीनेच डोळे उघडले. कुत्रं शेपटीच्या मुळाशी, कमरेपाशी कुरतडत असेल तर आधी पिसवांवर संशय घ्यायचा. कानाच्या कडा आणि कोपरं सोलवटली असतील तर खरूज, ती आपल्यालाही चिकटते. आणि पंजे चाटणं, काखा, पोट, कान हे असेल तर हवेतलं काहीतरी नाहीतर खाण्यातलं."

"पिसवा असत्या तर दिसल्या असत्या."

"तिथेच फसतो आपण. ज्याला त्यांच्या लाळेची अॅलर्जी आहे त्याला एखाददुसरी चावली तरी पुरे, आणि तिला तो चाटून गिळून टाकतो. डॉक्टरांनी युक्ती सांगितली. ओल्या पांढऱ्या कागदावर त्याचे केस विंचरायचे. काळे कण पडले आणि त्यांभोवती तांबूस डाग पसरला तर ती पिसवांची विष्ठा. त्यात पचलेलं रक्त असतं."

"शी! आणि मी इथे देवाची फुलं काढतेय."

"आमच्याकडे पडला नाही तसा डाग. तरी औषध घातलं, अंथरुणं गरम पाण्यात काढली, सोफ्याच्या फटी झाडल्या. अंगावर दिसतात त्या शंभरात पाच. बाकीच्या अंड्यांत नाहीतर अळ्या-कोशांच्या रूपात सतरंजीत दडून बसलेल्या असतात."

काकूंनी परडी कुंपणाच्या भिंतीवर ठेवली. म्हणजे आता अर्धा तास निश्चिंती.

"समोरच्या रिकाम्या प्लॉटवर लोळतो ना तुझा बंडू? तिथलं ते गाजर गवत बघ किती माजलंय. ह्यांच्या मनगटावर त्यानेच पुरळ उठतं."

"मलाही तोच संशय. हे गवत भारतात पहिल्यांदा दिसलं म्हणे ते आपल्या पुण्यातच, १९५५ च्या सुमारास."

"माझा जन्म १९५५ चा. म्हणजे ते नि मी बरोबरीचे! आमच्या लहानपणी म्हणायचे, अमेरिकेच्या गव्हाबरोबर आलंय. काँग्रेस गवत म्हणायचे त्याला. आलं ते काही गेलं नाही."

"म्हणून फिरून आला की साध्या पाण्याने पाय धुते. बोटांच्या बेचक्यासुद्धा कोरड्या करते. ओल राहिली की बुरशी धरते, आणि मग तो आंबूस वास येतो बघा."

"तरीच! गणपतीत तुमच्याकडून कसला तरी वास यायचा…"

"तो बुरशीचा नव्हे, त्याचं सांगते नंतर. आधी आंघोळ ऐका. मी मूर्ख, आपलाच शाम्पू लावत होते. आपली कातडी आम्लाकडे झुकलेली, पीएच साडेपाचच्या आसपास. त्यांची सातच्या आसपास, शिवाय आपल्याहून पातळ. आपल्या शाम्पूने होती नव्हती ती तुकतुकी गेली आणि कोंडा पडायला लागला. आता त्याचा वेगळा औषधी शाम्पू आणलाय. पाणी कोमट, कढत अजिबात नाही. आणि फेस दहा मिनिटं अंगावर ठेवायचा."

"दहा मिनिटं? तो राहतो उभा?"

"तीस किलोचा लॅब्रडॉर, सगळा फेसाने बुळबुळीत. मोबाईलवर तीन गाणी लावते. दुसऱ्या कडव्याला तो अंग झाडतो आणि माझीच आंघोळ होते. मधल्या वारी ओट्स बारीक दळून कोमट पाण्यात कालवते आणि ते अंगावर ओतते. त्याने जरा थंडावा मिळतो."

"आणि ती गोळी? मागे एकदम बरा झाला होता की."

"स्टिरॉइडची. दोन दिवसांत खाज पळाली, पण बादलीभर पाणी प्यायचा, रात्री चारदा बाहेर न्यायला लावायचा आणि भूक अशी की पायपुसणंही चावून बघितलं. गोळी वाईट नाही हो, पण डॉक्टर म्हणाले, ती खाज दाबते, कारण शोधत नाही. म्हणून आता खाण्याची परीक्षा चालू आहे. आठ आठवडे एकच जेवण, तेही त्याने जन्मात न खाल्लेलं. आमचा बंडू चिकन-भातावर वाढलेला. म्हणून आता बांगडा आणि रताळं."

"बांगडा!" काकूंनी पदर नाकाला लावला. "म्हणजे गणपतीत तो वास…"

"मागच्या ओट्यावर शेगडी मांडून उकडत होते हो. घरात आणला नाही."

"चतुर्थीलासुद्धा?"

"त्याला कुठली चतुर्थी?"

काकू देवाची क्षमा मागतात तसं गालावर बोट टेकून गप्प झाल्या. मग म्हणाल्या, "पण तीन वर्षं सगळं खातोय की तो. आत्ताच कशी अॅलर्जी झाली?"

"ती बहुधा रोजच्याच खाण्याची होते. चिकन, दूध, गहू, यातलं काहीही असू शकतं. बहुतेकांना पाच-सहा आठवड्यांत उतार पडतो म्हणे. आमचा सहावा आठवडा काल संपला आणि खाज आहे तशीच. माझं काही चुकतंय का, तेच कळेना."

"समजा, चुकून एखादा तुकडा पोटात गेला तर?"

"तर सगळं मुसळ केरात. मोजणी पुन्हा एकपासून."

"अगदी एवढासा?"

"एवढासाही."

काकू परडीतली फुलं मोजू लागल्या. सातच फुलं होती, त्यांनी दोनदा मोजली.

"मारी बिस्किटात काय असतं गं?"

"गहू. आणि दूध. का हो?"

"सहज."

तेवढ्यात घरातलं घड्याळ वाजलं, साडेचारचा एकच टोला. बंडू आतून तरातरा आला, माझ्याकडे ढुंकूनही न बघता कुंपणाच्या भिंतीपाशी गेला, जिथली एक वीट गेल्या पावसात निसटलीय बरोबर तिथे बसला आणि शेपटी आपटत काकूंच्या ओच्याकडे बघत राहिला.

मीही बघितलं. ओच्यात काहीतरी गोल खोचलेलं होतं.

"काकू?"

"अगं, दिवसभर बिचारा खाजवत बसतो. मला बघवत नाही. म्हटलं, तेवढाच विरंगुळा. दोनच देते गं. कधी तीन."

मला रागही आला आणि हसूही. त्याला खाज सुटते म्हणून काकूंना दया यायची, आणि दया यायची म्हणून बहुधा त्याची खाज काही जात नव्हती.

आत जाऊन वही आणली, 'आठवडा सातवा' वर काट मारली आणि खाली लिहिलं, 'आठवडा पहिला'. मग शिजवलेल्या रताळ्याच्या चार फोडी वाटीत घालून वाटी भिंतीवर ठेवली.

"साडेचारचा रतीब मोडू नका, नाहीतर तो रुसेल. पण आजपासून हे. भरवा तुम्हीच."

काकूंनी एक फोड विटेच्या भोकातून आत सरकवली. बंडूने ती हुंगली, त्यांच्याकडे पाहिलं, पुन्हा हुंगली आणि नाइलाजाने खाल्ली.

"शहाणा माझा," काकू म्हणाल्या. मग परडी उचलता उचलता थांबल्या. "आणि त्या बांगड्याचं गं?"

"तोही देता का?"

"नको बाई. तो तुझा तूच दे."