तेरा लाडवांचं रहस्य

रेडिंग, इंग्लंड
रविवार, रात्रीचे अकरा

ती. आईबाबांस,


बाबा, हे पत्र तुम्ही झोपाळ्यावर बसून आईला मोठ्यानं वाचून दाखवणार, हे धरून चालले आहे. मागच्या वेळी मधेच थांबून 'पुढचं खासगी आहे' म्हणालात, आणि तुम्ही आंघोळीला गेल्यावर आईनं अख्खं पत्र वाचून काढलं. तेव्हा या वेळी काही गाळू नका. आत एका गुन्ह्याचा कबुलीजबाब आहे. खरं तर दोन गुन्ह्यांचा.

आईचे डिंकाचे लाडू पोचले. डब्यावर तिच्या अक्षरात '६०' लिहिलं होतं. पुराव्याचं महत्त्व आपल्या घरात फक्त तिला कळतं. आमचा हिशेब साधा. एक लाडू तुमच्या जावयांचा, एक माझा. तुमची नात 'दाताला चिकटतो' म्हणून हात लावत नाही. दहा दिवसांत वीस गेले म्हणजे चाळीस उरायला हवेत. आज सकाळी मी सगळ्यांसमोर डबा मोजला, तर सत्तावीस! तेरा लाडू बेपत्ता. कुलूप तुटलेलं नाही, खिडकी उघडी नाही, गुन्हेगार घरातलाच.

खरं सांगू? मला आनंद झाला. चाळीस वर्षं रहस्यकथा वाचल्यावर अखेर स्वतःची अशी एक केस मिळाली.

हे व्यसन तुम्हीच लावलंत. दुकान बंद करून येताना एका हातात भाजीची पिशवी आणि दुसऱ्या हातात लायब्ररीतला अर्नाळकर. झुंजार, काळा पहाड, धनंजय ही मंडळी मला सख्ख्या काकांपेक्षा जवळची होती. बाबूराव अर्नाळकर म्हणजे चंद्रकांत सखाराम चव्हाण, हे तुम्ही सांगितलंत तेव्हा मी दोन दिवस जेवले नव्हते. लेखकच वेषांतर करून वावरतोय म्हटल्यावर विश्वास कुणावर ठेवायचा? या माणसानं हजारावर पुस्तकं लिहिली. आमच्याकडे रोज एक संपलं तरी पुरून उरली असती. कॉलेजात गेल्यावर मी शिरवळकरांच्या फिरोज इराणी आणि अमर विश्वासकडे वळले. 'आता तू मोठी झालीस' असं तुम्ही म्हणालात ते त्या दिवशी, लग्नात नाही.

फक्त विषाच्या बाबतीत तुमचं कुणाशीच पटत नसे. चाळीस वर्षं औषधांच्या दुकानात उभा राहिलेला माणूस! कादंबरीतला म्हातारा दुधाचा एक घोट घेऊन कोसळला की तुम्ही पुस्तक मिटायचात. "एवढ्याशा डोसानं साधं पोटसुद्धा बिघडणार नाही."

म्हणूनच अगाथा ख्रिस्तीबाईंशी तुमचं जमलं असतं. पहिल्या महायुद्धात त्या टॉर्की गावच्या इस्पितळात औषधं बनवायला शिकल्या. तिथल्या फडताळातल्या बाटल्या बघताबघता त्यांना खून सुचला. १९२० साली त्यांची पहिली कादंबरी आली. त्यात स्ट्रिकनीन आहे, म्हणजे आपल्या कुचल्यातलं विष. औषधनिर्मात्यांच्या नियतकालिकानं त्यातल्या विषाच्या माहितीचं कौतुक केलं, आणि त्या शाबासकीचा बाईंना फार अभिमान होता. तुमच्यासारख्या माणसाकडून पास होणं म्हणजे काय, ते मला चांगलंच ठाऊक आहे.

गेल्या शनिवारी त्यांच्या समाधीला जाऊन आले. रेडिंगहून गाडीनं थोडंसं गेलं की चोल्सी नावाचं गाव लागतं. स्टेशनावरून शेताच्या कडेनं चालत गेलं की चर्च, आणि त्याच्या आवारात बाईंचा दगड. दगडावर मॅलोवान हे दुसऱ्या नवऱ्याचं आडनावही कोरलेलं आहे. मी वाकून बूट काढायला लागले, तर जावई म्हणाले, "अगं, चार डिग्री आहे. इथे बाहेर नळही नाही आणि घंटाही नाही." पण तुम्हीच सांगा बाबा, ज्या बाईनं सहासष्ट रहस्यकादंबऱ्या लिहिल्या तिच्यापुढे बूट घालून कसं उभं राहायचं? शेवटी मोजे काढायचे नाहीत, यावर तडजोड झाली.

आई, त्या बाईंची खरी गोष्ट तुझ्यासाठी. १९२६ च्या डिसेंबरात त्या घरातून नाहीशा झाल्या. मोटार सरे परगण्यात एका उतारावर बेवारस सापडली. पोलीस, कुत्री, हजारो स्वयंसेवक, सगळे रानोमाळ. शेरलॉक होम्सला जन्म देणारे कॉनन डॉइल तर बाईंचा हातमोजा घेऊन एका मांत्रिकाकडे गेले! ज्यानं जगाला तर्क शिकवला तो प्रत्यक्ष वेळ आल्यावर अंगारेवाल्याकडे. अकरा दिवसांनी बाई उत्तरेकडच्या हॅरोगेट गावात एका हॉटेलात सापडल्या. रजिस्टरात आडनाव लिहिलं होतं नील. नवऱ्याचं जिच्याशी चालू होतं, त्या बाईचं! यावर शंभर वर्षं लोक पुस्तकं लिहिताहेत. कुणी म्हणतं स्मृतिभ्रंश, कुणी म्हणतं प्रसिद्धीचा डाव. तू काय म्हणशील ते मला इथवर ऐकू येतंय : "त्या सटवीचंच आडनाव लावलं ना? मग यात रहस्य कसलं?"

बाईंची मिस मार्पल तुझ्यासारखीच आहे. विणकाम करत खिडकीशी बसते आणि खुनी ओळखते, कारण तो तिला गावातल्या कुणासारखा तरी वाटतो. तूही जावयांना पहिल्यांदा पाहून म्हणाली होतीस, "गिरणीवाल्याच्या मेहुण्यासारखा आहे. गरीब, पण वस्तू कुठे ठेवली ते कधी सांगता येणार नाही." चोवीस वर्षं रोज सकाळी त्यांच्या किल्ल्या शोधताना तुझी आठवण येते.

तर आमची केस. रविवारचं आभाळ भरलेलं, बाहेर पाऊस, म्हणजे इंग्लंडनं वातावरणाची बाजू चोख सांभाळली होती. मी दोघांना हॉलमध्ये बसवलं. पुस्तकात असतात तसे दहा-बारा संशयित, एक कर्नल आणि एक बटलर नव्हते, पण आहे त्यात भागवलं. हातात चहा आणि चहाबरोबर जे काही असतं ते घेऊन मी येरझाऱ्या घालायला लागले. वीस मिनिटं प्रस्तावना केली. मग गर्रकन वळून जावयांकडे बोट रोखलं : "तुमच्या गाउनच्या बाहीवर खोबऱ्याचा कीस आहे!"

ते पेपरातून मान वर न काढता म्हणाले, "काल थंडी वाजते म्हणून माझा गाउन कुणी घातला होता?"

तेव्हा तुमची नात उठली. बारा वर्षांची पोर, पण उभी राहिली ती थेट तुमच्यासारखी, एक भुवई वर करून. माझ्या उशाखालचं पुस्तक तिनं आणलं. जुन्या सामानाच्या दुकानातून पन्नास पेन्सला घेतलेली ख्रिस्तीच होती. तिनं एकेक पान उजेडात धरलं. प्रत्येक कलाटणीच्या पानावर तुपाचा अर्धपारदर्शक अंगठा. मृत्युपत्र वाचतात तिथे एक, दुसरा खून होतो तिथे दोन. शिवणीत खसखस. असे बारा ठसे.

"आणि तेरावा?" मी विचारलं.

"तो आत्ता तुझ्या हातात आहे, डबा मोजायच्या आधीच काढलेला. आजचा तू सकाळीच खाल्लास."

बाबा, देवाशपथ सांगते, मला पत्ताच नव्हता! वाचताना हात आपोआप डब्यात जातो आणि गुन्हा घडतो. सांगणाराच गुन्हेगार, अशी ख्रिस्तीची एक गाजलेली कादंबरी आहे. कुठली ते सांगत नाही. इथे १९५२ पासून त्यांचं 'माउसट्रॅप' नाटक चालू आहे, आणि खेळ संपल्यावर प्रेक्षकांना दर वेळी विनवतात की खुनी कोण ते बाहेर सांगू नका. लोक पाळतात म्हणे. आपल्या लायब्ररीत मात्र तिसऱ्याच पानावर पेन्सिलीनं लिहिलेलं असायचं, 'खुनी : पुतण्या'. मी रडायचे आणि तरीही वाचायचे, आणि शेवटी खुनी निघायचा वकील. ते अक्षर तुमचं होतं, हे लग्नानंतर तुमचं पहिलं पत्र आलं तेव्हा ओळखलं.

जावई विचारतात, खुनी माहीत असलेलं पुस्तक पुन्हा काय वाचतेस? मी म्हणते, रावण मरतो हे माहीत असूनही आजी कीर्तनाला जायचीच ना? शेवटी सगळ्यांना एका खोलीत बसवून कुणीतरी शांतपणे सांगतं, काय झालं, कुणी केलं आणि का. घरात असं कधी होतं? आपल्या घरी तर एका केसचा निकाल चुकीचाच लागलेला आहे.

तो दुसरा कबुलीजबाब. १९८६ च्या मे महिन्यात लायब्ररीच्या पुस्तकावर तेलाचा डाग पडला आणि दोन रुपये दंड धाकट्या बंड्याच्या खाऊच्या पैशांतून कापला. बंड्यानं आयुष्यात पुस्तक उघडलेलं नाही, हा त्याचा बचाव कुणी ऐकूनसुद्धा घेतला नाही. आई एवढंच म्हणाली होती, "डाग लोणच्याचा आहे, आणि हा लोणचं खात नाही." तुम्ही म्हणालात, "तू यात पडू नकोस."

तो डाग माझा होता. बंड्याला माझ्या वतीनं दोन रुपये द्या. व्याज मागेल, देऊ नका.

तुमची,
ताई

ता. क. : आई, पुढच्या डब्यावर आकडा घालू नकोस.

ता. क. २ : बाबा, बारा ठशांचं ते पुस्तक तुम्हाला पोस्टानं पाठवते आहे. तिसऱ्या पानावर मी पेन्सिलीनं खुन्याचं नाव लिहिलं आहे. खरं की खोटं, ते तुम्ही शोधा.