इथे पूर्वी बातमी राहत असे

लंडनमधल्या विद्यापीठाच्या ‘समर स्कूल’मध्ये माध्यमांचा इतिहास आणि संस्कृती शिकायला येणारं मराठी पोर दोन गोष्टी गृहीत धरून विमानात बसतं. एक, तिथे उन्हाळा असेल. दोन, तिथे माध्यमं असतील. पहिला समज विमानतळाबाहेरच भिजून चिंब होतो. दुसरा फ्लीट स्ट्रीटपर्यंत तग धरतो.

फ्लीट स्ट्रीट ही ब्रिटिश वृत्तपत्रांची पेठ. सांगलीहून आलेली विद्यार्थिनी वही-पेन सरसावून प्राध्यापकांच्या मागे निघते. काळ्या काचांच्या एका देखण्या इमारतीपुढे प्राध्यापक थांबतात. “इथे ‘डेली एक्स्प्रेस’ होता.” थोडं पुढे गेल्यावर, “इथे ‘डेली टेलिग्राफ’ होता.” आणखी पुढे, “इथे रॉयटर्स होती. २००५ मध्ये तीही गेली.” हा सगळा अभ्यास भूतकाळात चालतो. वर्तमानकाळात रस्त्यावर दिसतात ते वकील, बँकवाले आणि सँडविचची दुकानं.

पेठ उठली त्याला निमित्त झालं १९८६ च्या जानेवारीचं. वृत्तपत्रमालक रुपर्ट मर्डोक यांनी वॉपिंगला नवा छापखाना गुपचूप उभा करून ठेवला होता. तिथे पत्रकार स्वतःच संगणकावर मजकूर टाइप करणार, म्हणजे खिळे जुळवणाऱ्यांची गरजच उरणार नव्हती. कामगार संपावर गेले आणि सुमारे ५,५०० जणांना घरचा रस्ता दाखवला गेला. ‘टाइम्स’ आणि ‘सन’ वॉपिंगहून निघू लागले, वर्षभर दारात निदर्शनं झाली, शेवटी संप मोडला. मग एकेक करून बाकीच्या वृत्तपत्रांनीही बस्तान हलवलं.

याच रस्त्याच्या टोकाला, फ्लीट पुलाजवळ, ११ मार्च १७०२ रोजी इंग्लंडचं पहिलं यशस्वी दैनिक निघालं, ‘डेली कूरंट’. एकच पान, तेही एकाच बाजूला छापलेलं. मालकीण होत्या एलिझाबेथ मॅलेट. अंकावर त्यांनी नुसतं ‘ई. मॅलेट’ छापलं, त्यामुळे वाचकांना हे कुणा पुरुषाचंच काम वाटायला हरकत नव्हती. फक्त बातम्या देऊ, मतं देणार नाही, वाचकाला स्वतःची अक्कल असते, असं त्यांनी पहिल्याच अंकात जाहीर केलं होतं. आजची वाहिन्यांवरची चर्चासत्रं बघून मोठी झालेली विद्यार्थिनी हे वाक्य दोनदा अधोरेखित करते.

पुढे त्याच रस्त्यावर ‘एल व्हिनो’ हा पत्रकारांचा लाडका मद्याचा अड्डा. तिथे बायकांना काउंटरपाशी उभं राहून पेला मागायची मुभा नव्हती. त्यांनी मागच्या खोलीत जाऊन बसायचं आणि तिथे काय येईल ते घ्यायचं. दोन बायका कोर्टात गेल्या आणि १९८२ मध्ये निकाल त्यांच्या बाजूने लागला. म्हणजे दैनिक काढायला बाईला १७०२ मध्ये कुणी अडवलं नाही, पण उभ्याने पेला मागायला आणखी दोनशे ऐंशी वर्षं लागली.

आता कॉफी. हा अभ्यासक्रम कॉफीशिवाय पुढे सरकत नाही, कारण सतराव्या शतकात बातमी कॉफीहाउसमध्येच मिळायची. पेनीभर पैसे टाकायचे, कॉफी प्यायची, पत्रकं वाचायची आणि राजाला नावं ठेवायची. दुसऱ्या चार्ल्सने १६७५ च्या डिसेंबरात सगळ्या कॉफीहाउसेसवर बंदीचं फर्मान काढलं. गावभर असा ओरडा झाला की बंदी अमलात यायच्या आतच त्याला ते मागे घ्यावं लागलं. हा धडा शिकल्यावर विद्यार्थिनीच्या महिन्याच्या खर्चात ‘क्षेत्रभेट : कॉफी’ असा एक रकाना उघडतो. सांगलीहून बाबांचा फोन येतो. “कॉफी अभ्यासात धरलीस, ठीक. मग हा पिझ्झा कुठल्या शतकातला?”

सोहोतल्या फ्रिथ स्ट्रीटवर २२ नंबरच्या घरात खाली इटालियन कॉफीबार आहे, त्यामुळे तिथली भेट कुणीच चुकवत नाही. वर, माडीवर, जॉन लोगी बेअर्ड यांनी २६ जानेवारी १९२६ रोजी रॉयल इन्स्टिट्यूशनच्या मंडळींना दूरचित्रवाणी चालवून दाखवली. त्याआधीचे प्रयोग ‘स्टुकी बिल’ नावाच्या बोलक्या बाहुल्याच्या मुंडक्यावर झाले. दिव्यांची उष्णता इतकी होती की जिवंत माणूस समोर टिकेना. एकदा बाहुल्याचा चेहरा पडद्यावर नीट उमटला, तेव्हा बेअर्ड धावत खाली गेले आणि विल्यम टेंटन नावाच्या ऑफिसातल्या पोऱ्याला पकडून वर घेऊन आले. तोही उकाड्याने मागे सरकू लागला, तेव्हा त्याच्या हातावर अर्धा क्राउन ठेवावा लागला. दूरचित्रवाणीवर दिसलेला पहिला माणूस पैसे घेऊन बसला होता, हे ऐकून वर्गात कुणालाच धक्का बसत नाही.

बीबीसीबद्दलचा आदर मात्र फोनवर घरी पोहोचवणं अवघड जातं. १८ एप्रिल १९३०, गुड फ्रायडे. संध्याकाळच्या बातम्यांची वेळ झाली, निवेदकाने आज बातम्या नाहीत असं सांगितलं आणि पियानो सुरू झाला. विद्यार्थिनी हे बाबांना सांगत असताना त्यांच्या मागे मराठी वृत्तवाहिनी कुठल्याशा नेत्याची गाडी कुठल्या फाट्यावरून वळली ते कळवत असते.

“बातमी नाही म्हणजे? काहीच घडलं नाही?”

“सांगण्यासारखं काही घडलं नाही, बाबा.”

“मग त्यांना कुणी काढून नाही टाकलं?”

आईला रस वाटतो तो एका छायाचित्रात. १९४२ साली बीबीसीच्या पूर्व विभागातून हिंदुस्थानासाठी ‘व्हॉइस’ नावाचा काव्यविषयक कार्यक्रम व्हायचा. त्या वेळच्या या छायाचित्रात जॉर्ज ऑर्वेल मागे उभे आहेत, टी. एस. एलियट बसलेले आहेत, मुल्कराज आनंद आहेत, आणि त्यांच्याच बरोबरीने बसल्या आहेत वेणू चितळे. ऑर्वेल यांच्या सहकारी, निवेदिका आणि पुढे ‘इन ट्रान्झिट’ या इंग्रजी कादंबरीच्या लेखिका. एलियट कोण, हे आई विचारत नाही. ती चित्र बोटांनी मोठं करते. “या चितळे म्हणजे नेमक्या कुठल्या? बाकरवडीवाल्यांतल्या का?”

अभ्यासक्रमाच्या शेवटी प्रत्येकाने एक विषय मांडायचा असतो. अमेरिकन सोबतीण १ एप्रिल १९५७ चा ‘पॅनोरमा’ हा कार्यक्रम निवडते. रिचर्ड डिम्बलबी यांच्या भारदस्त आवाजात त्या दिवशी बीबीसीने स्वित्झर्लंडमधल्या झाडांवरून स्पॅगेटीची तोडणी दाखवली. हे झाड घरी कसं लावायचं, असं विचारणारे फोन खरोखर आले.

सांगलीची मुलगी दादासाहेब फाळक्यांना घेते. १९१२ च्या फेब्रुवारीत ते लंडनला आले ते चित्रपट करायला शिकायला. मुक्काम जेमतेम पंधरवड्याचा, विद्यापीठ नाही, प्रवेशअर्ज नाही. ‘बायोस्कोप’ साप्ताहिकाच्या कचेरीत ते ओळखपाळख नसताना सरळ आत गेले. संपादकाने आधी या नादाला लागू नका म्हणून सांगितलं आणि मग स्वतःच वॉल्टनच्या सेसिल हेपवर्थ यांच्याशी गाठ घालून दिली. हेपवर्थ यांचा १९०५ चा गाजलेला चित्रपट म्हणजे घरचाच कारभार : पटकथा बायकोची, पळवलेलं बाळ स्वतःचं आणि सोडवणारा कुत्राही पाळलेला. इतक्या प्रती काढाव्या लागल्या की निगेटिव्ह झिजली आणि सगळा चित्रपट पुन्हा चित्रित करावा लागला. फाळक्यांनी वॉल्टनमध्ये तंत्र पाहिलं, विल्यमसन कॅमेरा घेतला आणि परतल्यावर आधी कुंडीतल्या वाटाण्याचं रोप कसं वाढतं त्याची चित्रफीत केली. ती बघून पैसेवाले राजी झाले. म्हणजे पडद्यावर उगवणाऱ्या गोष्टींवर माणसं विश्वास ठेवतात, हे दादरला बीबीसीच्या पंचेचाळीस वर्षं आधी कळलं होतं, शिवाय तिथला वाटाणा खरा होता. ३ मे १९१३ ला गिरगावात ‘राजा हरिश्चंद्र’ लागला. त्यातही घरचाच कारभार : रोहिदास झाला फाळक्यांचा मुलगा भालचंद्र, आणि फिल्मला भोकं पाडण्यापासून सगळ्या मंडळींच्या जेवणापर्यंत सगळं बघणाऱ्या पत्नी सरस्वतीबाई.

मांडणीला टाळ्या पडतात. प्राध्यापक खूश होऊन या प्रवासाचा खर्च कुणी केला ते विचारतात. फाळक्यांनी विम्याच्या पॉलिसी गहाण ठेवून पैसे उभे केले होते, असं ती सांगते. रात्री तेच उत्तर ती मोठ्या अभिमानाने सांगलीला ऐकवते. तिकडे बराच वेळ शांतता. या समर स्कूलची फी एलआयसीच्या कर्जातून भरलेली असते.

“बरं,” बाबा विचारतात, “त्यांनी ती पॉलिसी पुढे सोडवली का?”