नाव ठेवणारे आणि नावं ठेवणारे

आपल्याकडे बाळाचं नाव ठेवायला आत्या असते. बापाच्या डोक्यात काहीही खूळ असो, पाळण्यावर वाकून 'कुर्रर्र' करायचा मान तिचा. त्यामुळे निम्मी पोरं वाचतात. ओपन सोर्समध्ये, म्हणजे ज्याचा कोड सगळ्यांना खुला असतो त्या सॉफ्टवेअरच्या जगात, आत्याची सोय नाही. रात्री जागून ज्याने कोड लिहिला तोच बाप, तोच भटजी आणि घुगऱ्या खाणाराही तोच.

लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टमला मात्र नशिबाने आत्या मिळाली. १९९१ साली हेलसिंकीच्या लिनस टोरवाल्ड्सच्या मनात 'फ्रीक्स', म्हणजे इंग्रजी कानाला 'विक्षिप्त मंडळी', हे नाव होतं. ज्या सर्व्हरवर कोड चढवायचा होता, त्याची देखभाल करणाऱ्या आरी लेम्केला हे नाव रुचलं नाही. त्याने परस्पर फोल्डरला 'लिनक्स' म्हणून टाकलं. जगातले सर्वांत वेगवान पाचशे महासंगणक आज झाडून सगळे लिनक्सवर चालतात. 'आमचा सगळा कारभार फ्रीक्सवर आहे,' असं एखाद्या बँकेचा अधिकारी भागधारकांच्या सभेत कसा सांगणार होता?

गिम्पला आत्या नव्हती. १९९५ साली बर्कलीच्या स्पेन्सर किंबॉल आणि पीटर मॅटिस या दोन विद्यार्थ्यांनी फोटो दुरुस्त करायचा हा प्रोग्राम लिहायला घेतला. 'पल्प फिक्शन' सिनेमा नुकताच गाजला होता, त्यातल्या एका विचित्र पात्राचं नाव त्यांनी उचललं. इंग्रजीत हा शब्द लंगड्या माणसाला हिणवायला वापरतात. आपल्या कानाला तो तसा टोचत नाही, पण म्हणून आपल्याकडे तो खपतो असंही नाही.

कऱ्हाडला माझ्या मावसभावाचं फ्लेक्सचं दुकान आहे. त्याला मी गिम्पची महती सांगत होतो.

"फुकट?"

"फुकट. शिवाय कायदेशीर."

दुसऱ्या शब्दावर तो जरा बिचकला. "नाव काय म्हणालास?"

"गिम्प."

"हे बघ, वाढदिवसाचा फ्लेक्स घेऊन कार्यकर्ता येतो. साहेबांचं पोट फोटोशॉपमध्ये आत घेतो म्हटलं की तो खुर्ची ओढून बसतो, चहा मागवतो. साहेबांना गिम्प करतो म्हटलं तर दुकान फोडेल."

या वाक्यापुढे माझं सगळं तंत्रज्ञान आडवं झालं.

नाव वाईट असण्यापेक्षा ते कुणासमोर घ्यावं लागतं, यावर सगळं आहे. टोरवाल्ड्सनेच २००५ साली कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारं 'गिट' काढलं. ब्रिटिश बोलीत गिट म्हणजे नालायक माणूस, आणि आपण सगळ्याच गोष्टींना स्वतःचंच नाव देतो, असा विनोदही त्याने वर केला. तरी आज प्रोग्रॅमरचं पान गिटशिवाय हलत नाही. ते काळ्या स्क्रीनवर टाइप करायचं असतं, कुणाची मंजुरी लागत नाही. गिम्पला मात्र शाळेच्या मुख्याध्यापकांच्या टेबलावरून, ऑफिसातल्या साहेबांच्या सहीखालून आणि कार्यकर्त्याच्या कानावरून जावं लागतं.

मग नाव बदलावं, झालं! तेही करून झालं. २०१९ मध्ये काही जणांनी गिम्पचाच कोड घेऊन 'ग्लिम्प्स' नावाची वेगळी चूल मांडली. नाव गोंडस, शाळेत-ऑफिसात कुठेही चालावं असं. २०२१ मध्ये चूल विझली, कारण काम करणारे हात पुरेनात. जुन्या नावावर हरकत घ्यायला गर्दी होती, कोड लिहायला चार डोकी जमेनात. नाव गिऱ्हाइकाला दारापर्यंत आणतं, आतला स्वयंपाक कुणाला तरी रांधावाच लागतो.

किंबॉल आणि मॅटिस यांनी या सगळ्यातून काय धडा घेतला? २०१५ साली एका साथीदारासह त्यांनी डेटाबेसची कंपनी काढली. पहिल्या नावावरून इतकी बोलणी खाल्ल्यावर या खेपेला त्यांनी डेटाबेसचं नाव ठेवलं कॉक्रोचडीबी, म्हणजे झुरळ. का, तर काही केल्या मरत नाही आणि सगळीकडे पसरतो. आणि कंपनी चालली! डेटाबेसचं नाव गिऱ्हाइकाच्या कानावर पडतच नाही. ते ठाऊक असतं सर्व्हर सांभाळणाऱ्याला, आणि त्याला मतलब रात्री तीन वाजता फोन न वाजण्याशी. झुरळ तर झुरळ!