टेलिफोनसाहेब उभे राहतात

31 जानेवारी 2020 रोजी देशभरातले बीएसएनएलचे सुमारे 78 हजार कर्मचारी एकाच दिवशी स्वेच्छानिवृत्त झाले. पन्नाशी गाठलेली ही मंडळी शाल-श्रीफळ घेऊन घरी आली, दोन महिन्यांत टाळेबंदी लागली आणि त्यातले बरेच जण शहरातल्या फ्लॅटला कुलूप लावून गावच्या घरी येऊन बसले. पेन्शन चालू, अंगात धमक, हाताला काम नाही आणि समोर अख्खं गाव. तेवढ्यात राज्य निवडणूक आयोगाने 14 हजारांहून अधिक ग्रामपंचायतींच्या निवडणुका जाहीर केल्या. त्या हिवाळ्यात टेलिफोनसाहेब नावाची जमात महाराष्ट्रात दिसू लागली.

साहेबांचा एक ठाम समज असतो. गाव म्हणजे बिघडलेलं एक्सचेंज. तक्रार नोंदवा, क्रमांक द्या, फॉल्ट काढा. म्हणून त्यांनी आल्या आल्या ग्रामपंचायतीत जाऊन नमुना 8 चा उतारा मागितला. स्वतःच्या घराचा नव्हे, सगळ्या गावाचा. ग्रामसेवकाने आधी चहा मागवला, दार लोटलं आणि हळूच विचारलं, "साहेब, भांडण नक्की कुणाशी आहे?"

भांडण कुणाशीच नव्हतं. साहेबांनी टाळेबंदीत पाटोद्याचे सरपंच राहिलेल्या भास्करराव पेरे पाटलांची भाषणं पाहिली होती. एम.कॉम. झालेले पोपटराव पवार हिवरे बाजारला परतले, सरपंच झाले आणि 2020 मध्ये पद्मश्रीपर्यंत पोहोचले, हेही त्यांना पाठ होतं. पाटोद्यात कर भरणाऱ्याला दळण मोफत मिळतं, मग इथे का नको? पारावरच्या आण्णांनी तंबाखू मळता मळता हिशेब सांगितला, "दळण फुकट केलं की गिरणीवाल्याच्या घरची पाच मतं गेली. वर त्याची सासुरवाडी गावातच आहे."

साहेबांनी हे वहीत लिहून घेतलं. उपयोग केला नाही.

उमेदवारीचे कागद हा मात्र त्यांचा प्रांत. वडिलांच्या नावावरची घरपट्टीची थकबाकी त्यांनी पै-पैसह भरली. 12 सप्टेंबर 2001 नंतर तिसरं अपत्य झालेलं नाही, असं लिहून दिलं. आपण घरातलं शौचालय वापरतो, याचाही दाखला घेतला. तीस वर्षं सरकारी फायली हाताळलेल्या माणसाला हा शेवटचा दाखला मिळवताना जरा अवघडल्यासारखं झालं, एवढंच. अडचण आली ती अर्ज भरताना. अर्ज ऑनलाइन भरायचा, आणि शेवटच्या दिवसांत सर्व्हरने मान टाकली. सेतू केंद्रासमोरच्या रांगेतून आवाज आला, "साहेब, नेट तुमच्याच खात्याचं ना?" शेवटी आयोगाने कागदी अर्ज घ्यायला परवानगी दिली. साहेबांनी चिन्ह म्हणून टेलिफोन मागितला, मिळाली कपबशी.

गावातल्या एका पॅनलच्या प्रमुखांनी साहेबांना आपल्या पॅनलमध्ये का घेतलं, हे साहेब सोडून सगळ्यांना ठाऊक होतं. त्यांच्या भावकीची मतं गठ्ठा होती आणि पेन्शन खात्यावर जमा होत होती.

मतदान 15 जानेवारी 2021 ला, म्हणजे संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी. प्रतिस्पर्ध्याच्या घरी हळदीकुंकवाला गर्दी मावेना. साहेबांनी मात्र वाणाच्या स्टीलच्या वाट्या आचारसंहितेचं कारण सांगून माळ्यावर चढवल्या. वहिनी म्हणाल्या, "निवडणूक तुमची आहे, हळदीकुंकू माझं. रथसप्तमीपर्यंत वेळ आहे, पण मतदान झाल्यावर कोण येणार?" हा प्रश्न राजकीयदृष्ट्या बिनतोड होता. नाशिक जिल्ह्यातल्या उमराण्यात तर पदांचाच लिलाव झाला, बोली दोन कोटींवर गेल्याची बातमी आली आणि आयोगाने तिथली निवडणूकच रद्द केली. वाट्यांचं माळ्यावर जाणं त्या मानाने फारच सोवळं.

18 तारखेला मतमोजणी झाली. साहेब निवडून आले, अगदी थोडक्या मतांनी. नऊपैकी पाच जागा त्यांच्या पॅनलच्या. गुलाल कानात गेला. त्याच दिवशी पाटोद्यातून बातमी आली, की पेरे पाटलांच्या कन्येचा पराभव झाला. साहेबांनी ती दोनदा वाचली आणि मोबाइल खिशात ठेवला.

खरी गंमत पुढेच होती. त्या वर्षी सरपंच सदस्यांमधून निवडायचा होता आणि सरकारने आरक्षणाची सोडत मतदानानंतर ठेवली होती. सोडतीत चिठ्ठी निघाली ओबीसी महिला. साहेबांच्या पॅनलमध्ये त्यात बसणारं कुणी नव्हतं. विरोधी पॅनलमध्ये एकच होती, शिवणकाम करणारी, साहेबांच्या मुलीच्या वयाची. बहुमत साहेबांकडे, सरपंचपद तिकडे. त्या वर्षी हे काही एकाच गावात घडलं नाही. उपसरपंचपद तरी मिळेल म्हणावं, तर भावकीतल्याच दुसऱ्या सदस्याने तेही पळवलं.

साहेब चार दिवस घराबाहेर पडले नाहीत. पाचव्या दिवशी नव्या सरपंचबाई हातात फाईल घेऊन दारात. "काका, पाणीपुरवठ्याचं हे पत्र कुणाला लिहायचं?" काकांनी चष्मा लावला. तेव्हापासून ग्रामपंचायतीची पत्रं साहेब लिहितात, सही बाई करतात, आणि गावातल्या नळाला दिवसाआड का होईना पाणी येतं. पॅनलप्रमुख याला गद्दारी म्हणतात. आम्हाला विचाराल तर साहेबांच्या हातून झालेलं सर्वांत उपयोगी राजकारण हेच.

निवडणूक खर्चाचा हिशेब निकालानंतर तीस दिवसांत द्यावा लागतो. नऊ सदस्यांच्या ग्रामपंचायतीत सदस्याला मर्यादा होती 25 हजारांची. साहेबांनी हिशेब पावत्यांसह तहसीलमध्ये सगळ्यांच्या आधी नेऊन दिला. ढाब्याचं बिल त्यात नव्हतं. ते पॅनलप्रमुखांनी नंतर घरी आणून दिलं, आणि ते साहेबांनीच भरलं.