दोष संगणकाचा नाही

भंगाराचं मोल जालन्याला कुणी शिकवायला नको. इथल्या भट्ट्यांत मोडकं लोखंड वितळतं आणि सळई होऊन बांधकामावर जातं. पण धडधाकट संगणक भंगारवाल्याला देण्याची घाई कशाला?

१४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चे नेहमीचे मोफत सुरक्षा-अपडेट थांबवले. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा-चिप लागते आणि प्रोसेसर इंटेलचा असेल तर तो आठव्या पिढीपासून पुढचा लागतो. त्यामुळे २०१५ चा, आठ जीबी रॅमचा, व्यवस्थित चालणारा आय-फाइव्ह बाद. बिघाड काही नाही, फक्त कंपनीच्या यादीत त्याचं नाव नाही. असं यंत्र फेकून नवं घेणं म्हणजे शाळेच्या आणि ग्रामपंचायतीच्या पैशाची उधळपट्टी आहे, हे मी स्पष्टच म्हणतो.

अशा यंत्रावर विंडोजऐवजी लिनक्स ही मोफत कार्यप्रणाली टाका म्हटलं की ठरलेलं उत्तर येतं, “लिनक्स टाकून बघितलं, चाललं नाही.” नेमकं काय चाललं नाही, ते विचारा. प्रोसेसर, रॅम, कीबोर्ड, स्क्रीन यांची तक्रार सहसा नसते. गाडी अडते ती वायफाय आणि प्रिंटरवर.

जुन्या लॅपटॉपमध्ये ब्रॉडकॉमची वायफाय चिप असेल तर तिचा ड्रायव्हर बऱ्याचदा वेगळा घ्यावा लागतो. तो इंटरनेटवरून घ्यायचा, आणि इंटरनेट तर वायफायशिवाय नाही. इथेच लोक हात टेकतात. उपाय खिशात आहे. अँड्रॉइड फोन केबलने जोडा, यूएसबी टेदरिंग सुरू करा. लिनक्स बहुतेक वेळा फोनला लगेच ओळखतं. मग लिनक्सच्या ‘मिंट’ या प्रकारातला ड्रायव्हर मॅनेजर उघडा, तो हवा तो ड्रायव्हर सुचवतो.

प्रिंटरचं दुखणं जास्त चिवट. ऑफिसा-ऑफिसांत दिसणारा एचपी लेझरजेट १०२० घ्या. हा प्रिंटर स्वतःचं फर्मवेअर जपून ठेवत नाही, दर वेळी चालू केला की संगणकाने ते पाठवावं लागतं. लिनक्समध्ये एचपीलिप हे एचपीच्या प्रिंटरचं सॉफ्टवेअर असतं, पण या मॉडेलला एचपीचा वेगळा प्लगइन लागतो. तो बसवला नाही तर प्रिंटर यादीत दिसतो आणि कागद मात्र हलत नाही. कॅननचा एलबीपी २९०० त्याहून हट्टी. त्याची भाषा कंपनीची खासगी. लिनक्ससाठी ड्रायव्हर निघाला होता, पण आजच्या आवृत्त्यांवर तो बसवताना घाम फुटतो. भाषा उघड केली असती तर हा प्रश्नच उरला नसता. इथे मी कंपन्यांना दोष देतो, लिनक्सला नाही.

श्रीलिपीच्या फॉन्टमध्ये टाइप केलेल्या जुन्या फाइल्स उघडल्या की अगम्य अक्षरं दिसतात, हाही आरोप लिनक्सवर येतो. तो फॉन्ट नसलेल्या विंडोजवरही तेच दिसतं. त्या फाइल्स युनिकोडमध्ये आणणं हे कधीतरी करायचंच काम आहे, ते आत्ता करा. मराठी टाइप करायला इनस्क्रिप्ट लिनक्समध्ये तयारच मिळतं.

म्हणून काहीही पुसण्याआधी पेनड्राइव्हवर लिनक्स मिंटची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती घ्या आणि तिथूनच ‘लाइव्ह’ सुरू करा. हार्ड डिस्कला हात लागत नाही. वायफाय, आवाज, प्रिंटर, बोटांचा ठसा घेणारं यंत्र, डिजिटल सहीचं टोकन, सगळं एकेक जोडून बघा. ज्याचा ड्रायव्हर फक्त विंडोजचाच मिळतो, त्यासाठी एक संगणक विंडोजवर ठेवा, बाकीचे बदला. संगणक ३२ बिटचा असेल तर मात्र आधी विचार करा. मिंटची मुख्य आवृत्ती आता ६४ बिटचीच येते, आणि डेबियन या लिनक्सच्या दुसऱ्या प्रकारानेही २०२५ च्या १३ व्या आवृत्तीपासून ३२ बिटच्या पीसीसाठी इन्स्टॉलर देणं थांबवलं आहे. यंत्र ६४ बिटचं असूनही संथ वाटलं तर जुन्या हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी बसवा, सगळ्यात मोठा फरक तिथे पडतो.

हे जमत नाही असं म्हणणाऱ्यांनी केरळकडे बघावं. तिथल्या सरकारी शाळांचे संगणक वर्षानुवर्षं लिनक्सवर चालतात.

मुख्याध्यापकांना आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्यांना माझी एकच विनंती आहे. पुढचा प्रिंटर, स्कॅनर किंवा ठशाचं यंत्र घेताना कोटेशनमध्ये “लिनक्सवर चालतो” हे विक्रेत्याकडून लेखी घ्या, आणि तो लिहून देत नसेल तर दुसरं कोटेशन मागवा.