सातवा गठ्ठा

एका सरकारी कार्यालयात माझा एक अर्ज आठ महिने सुखाने नांदतो आहे. दिवाळीआधी चौकशीला गेलो तेव्हा बारनिशीतल्या ताईंनी आवक नोंदवही उघडलीच नाही. मोबाईल उघडला.

"काका, तुमचा अर्ज व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलाय. निळ्या टिका आल्यात, म्हणजे साहेबांनी बघितलाय."

"शेरा काय मारला?"

"अंगठा दिलाय की!"

पूर्वी सही येत नसे तो अंगठा द्यायचा. आता राजपत्रित अधिकारी देतात.

1980च्या दशकात तेव्हाच्या अहमदनगरचे जिल्हाधिकारी अनिलकुमार लखिना यांनी कारकुनांच्या टेबलावरच्या ढिगाऱ्याला शिस्त लावली होती. सहा गठ्ठे : हातातली कामं, उत्तराची वाट पाहणारी, ठरावीक मुदतीने परत येणारी, स्थायी आदेश, अभिलेख कक्षात धाडायची आणि नष्ट करायची. कागदाला वर्गही होते. 'अ' म्हणजे कायम जपायचा, 'ड' म्हणजे वर्षभराने रद्दी.

आता ग्रुप नावाचा सातवा गठ्ठा आला आणि पहिले सहा त्याच्या पोटात गेले. पीक नुकसानीचा अतितातडीचा अहवाल, त्याखाली अंगारकीच्या शुभेच्छा, त्याखाली कुणाच्या तरी चिरंजीवांचे दहावीतले 92 टक्के, त्याखाली झाडून सगळ्या शाखेचं 'अभिनंदन', आणि पार तळाशी मी. फोन भरला की ताई आधी पीडीएफ उडवतात. गुलाबाची सुप्रभातं मात्र राहतात, कारण ती वरिष्ठांकडून आलेली असतात. 'ड' वर्गाला एवढे चांगले दिवस लखिनांच्या काळातही नव्हते.

ई-ऑफिस नाही असं नाही. तिथे टिपणी चढते, मग तिची प्रिंट साहेबांपुढे जाते, तीवर सही होते आणि ती स्कॅन होऊन पुन्हा वर चढते. या व्यायामाला कागदविरहित कारभार म्हणतात.

2005चा माहिती अधिकार कायदा ई-मेललाही माहिती मानतो, म्हणून धीर करून अर्जावरच्या कार्यवाहीची प्रत मागितली. उत्तर अगदी मुदतीत आलं : 'सदर माहिती या कार्यालयाच्या अभिलेखात उपलब्ध नाही.' खोटं कसं म्हणू? माहिती कार्यालयात नव्हतीच, साहेबांच्या खिशात होती. आणि तो खिसा तोवर बदली होऊन दुसऱ्या जिल्ह्यात गेला होता. पूर्वी कार्यभार सोडताना नस्त्यांची यादी करून तीवर दोघांच्या सह्या होत. या वेळी साहेबांनी ग्रुपवर निरोपाची एक ओळ टाकली आणि ते बाहेर पडले. खाली सतरा जणांनी हात जोडले.

नवे साहेब भले गृहस्थ. बसा म्हणाले, चहा मागवला, चष्मा लावून ग्रुप वरखाली सरकवला.

"मी सोमवारीच ग्रुपात आलो हो. मला त्याआधीचं काही दिसत नाही."

"मग?"

"तुम्ही असं करा, नव्याने अर्ज द्या. फक्त कागद नको, फोटो पाठवा."